लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यावं: रेडिऑन आरएक्स ६६०० वापरून झालेलं माझं मत

लिनक्ससाठी ग्राफिक्स कार्ड घेताना यूट्यूबवरचे एफपीएसचे (गेम सेकंदाला किती फ्रेम दाखवतो त्याचे) चार्ट बघून निर्णय घेऊ नका, हे मी आधीच सांगून टाकतो. ते चार्ट बहुतेक सगळे विंडोजवर काढलेले असतात, दोन कार्डांत पाच-दहा फ्रेमचा फरक दिसतो आणि त्यावर लोक तासन् तास भांडतात, पण आपल्या मशीनवर खरा प्रश्न वेगळाच असतो की या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, राहतो कुठे? कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच आहे, का बाहेरून आणून बसवायचा आणि दर अपडेटला तो परत नीट बसला का ते बघत बसायचं? एवढं एक विचारलं तरी निम्मी कार्डं यादीतून आपोआप उडतात. मी एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६०० डेबियन या लिनक्स डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार सिस्टीमवर) वापरतोय, आधी डेबियन १२ आणि आता १३, रोजचं ऑफिसचं काम, थोडं व्हिडिओ एडिटिंग, कधी ब्लेंडरमध्ये थ्रीडी आणि रात्री गेम, आणि आता इतका वापर झालाय की ठामपणे लिहायला हरकत नाही.

आधी कार्डाबद्दल. हे ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, एएमडीच्या आरडीएनए २ या चिपच्या पिढीचं, ८ जीबी जीडीडीआर६ मेमरी, १२८ बिटची बस, आणि वीज खातं कमाल १३२ वॅट. एकच आठ पिनची वायर लागते आणि एएमडी स्वतः ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेल म्हणते, म्हणजे आपल्याकडे घरोघरी जी मध्यम मशीन असतात त्यात आधीचा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) न बदलता बसतं, आणि हा खर्च लोक हिशोबात धरतच नाहीत, मग कार्ड घेतल्यावर वर पाच हजारांचा सप्लाय घ्यावा लागतो. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत किंमत ३२९ डॉलर होती आणि तेव्हा क्रिप्टो मायनिंगमुळे सगळ्याच कार्डांचे भाव आभाळाला भिडलेले, आपल्याकडे तर विचारूच नका. मी घेतलं तोवर ते २०-२२ हजारांवर आलेलं आणि त्या भावात मला तरी लिनक्ससाठी याच्या तोडीचं दुसरं काही दिसलं नाही.

बसवायच्या आधी एक काम मात्र नक्की करा. डेबियनवर आधीच सिस्टीम टाकलेली असेल आणि कार्ड नंतर लावताय, तर जुन्या ग्राफिक्सवर असतानाच फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाकून घ्या. ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरी कार्डाच्या चिपला सुरू होताना स्वतःची फर्मवेअर फाइल लागते आणि ती मुक्त सॉफ्टवेअर नाही, म्हणून डेबियन ती वेगळी ठेवतं. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर ती स्वतःहून टाकतो, पण ते नव्याने इन्स्टॉल करताना, आणि तेव्हा कार्ड मशीनमध्ये असेल तरच. ही एक फाइल नसल्यामुळे किती जण काळा स्क्रीन बघून "लिनक्सवर चालत नाही" म्हणून कार्ड परत करायला निघतात! मी पॅकेज टाकलं, मशीन बंद केलं, कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवलं, वायर लावली आणि बटण दाबलं. पंखे एकदा जोरात फिरले, मग मंदावले आणि डेस्कटॉप येईपर्यंत पूर्ण थांबले, कारण काम नसताना हे कार्ड पंखे बंदच ठेवतं. लॉगिनची खिडकी थेट मॉनिटरच्या पूर्ण रिझोल्यूशनला आली. ड्रायव्हर डाउनलोड नाही, लायसन्सची खिडकी नाही, रीस्टार्ट करा म्हणून मागे लागणं नाही. एवढंच इन्स्टॉलेशन. वर एनव्हीटॉप हा कार्डाचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम उघडून बघितलं तर नुसत्या डेस्कटॉपवर पाच वॅटच्या आसपास आकडा, आणि भरपूर काम दिलं की तोच १०० च्या जवळ जाऊन थांबतो. (१३२ हा पूर्ण बोर्डाचा आकडा आहे, सेन्सर फक्त चिपच्या बाजूचा हिशोब दाखवतो, त्यामुळे कार्ड कमी वीज घेतंय म्हणजे बिघडलंय असं समजून घाबरू नका.)

आता हे असं का चालतं ते थोडं सविस्तर सांगतो कारण निवडीचं सगळं गणित इथेच आहे. एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि २००७ मध्ये चिपची कागदपत्रं उघडी करायला सुरुवात केली, तरी बरीच वर्षं त्यांचा बंद (कोड उघडा नसलेला) ड्रायव्हर वेगळा आणि लोकांचा मोकळा वेगळा असा दुहेरी संसार चालला. खरा फरक पडला तो २०१५ मध्ये, एएमडीजीपीयू नावाचा नवा ड्रायव्हर लिनक्स ४.२ मध्ये गेला तेव्हा. तेव्हापासून कर्नलमधला भाग सगळ्यांसाठी एकच. त्याच्या वरचा भाग, म्हणजे ओपनजीएल आणि व्हल्कन (प्रोग्रॅम कार्डाकडून चित्र काढून घेतात ते दोन मार्ग), तो मेसा नावाच्या प्रोजेक्टमध्ये राहतो आणि प्रत्येक डिस्ट्रो मेसा देतेच. यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे आज गेमसाठी जो व्हल्कन ड्रायव्हर सगळे वापरतात, आरएडीव्ही, तो एएमडीने लिहिलेलाच नाही! २०१६ मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी तो कंपनीच्या बाहेर सुरू केला, नंतर स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यात माणसं लावली, एसीओ नावाचा शेडर कंपायलर (गेममधला ग्राफिक्सचा कोड कार्डाच्या भाषेत आणणारा) लिहून घेतला, तो २०२० मध्ये मेसात डीफॉल्ट झाला आणि गेममध्ये मध्येच अडखळायचं ते प्रमाण एकदम खाली आलं. एएमडीचा स्वतःचा मोकळा व्हल्कन ड्रायव्हर होता, एएमडीव्हीएलके, तो त्यांनी २०२५ मध्ये बंदच केला आणि यापुढे आरएडीव्हीच आमचा म्हणून जाहीर केलं. कोड उघडा असल्याचा फायदा म्हणतात तो हा, कंपनीपेक्षा बाहेरच्या लोकांनी चांगलं काम केलं आणि शेवटी कंपनीच त्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली.

आणि ६६०० ला यात आणखी एक बाजू मिळते. व्हॉल्व्हचं स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं मशीन २०२२ मध्ये आलं, त्यातलं ग्राफिक्स याच आरडीएनए २ पिढीचं आहे आणि ते लिनक्सवरच चालतं. म्हणजे लाखो लोकांच्या हातातलं मशीन आणि आपलं कार्ड एकाच घराण्यातलं, त्यामुळे डेकसाठी झालेली दुरुस्ती मेसाच्या पुढच्या अपडेटमध्ये फुकटात आपल्या घरी येते.

टिकाऊपणाबद्दल बोलायचं तर २०२५ च्या शेवटी विंडोजवाल्यांच्यात गडबड उडालेली, एएमडीने आरडीएनए १ आणि २ ची कार्डं विंडोज ड्रायव्हरमध्ये मेंटेनन्सच्या वेगळ्या वाटेला लावली म्हणून. लिनक्सवर त्याचा काडीचा फरक पडला नाही, कारण आपला ड्रायव्हर त्या पॅकेजमधून येतच नाही. उलट त्याच सुमारास इकडे काय चाललेलं, तर २०१२ च्या आसपासची रेडिऑन एचडी ७००० मालिकेतली जुनी कार्डं लिनक्स ६.१९ मध्ये जुन्या ड्रायव्हरवरून नव्या एएमडीजीपीयूवर आणायचं काम. बारा-तेरा वर्षांचं जुनं कार्ड आणि त्याला नवा ड्रायव्हर! आपण पोटाला चिमटा काढून एकदा कार्ड घेतो ते आठ-दहा वर्षं चालावं म्हणून, आपल्यासाठी ही गोष्ट कुठल्याही बेंचमार्कपेक्षा मोठी आहे.

व्हिडिओचं सांगतो. हे कार्ड एव्ही१ हा व्हिडिओ फॉरमॅट डीकोड करतं, म्हणजे उलगडून दाखवतं, त्यामुळे यूट्यूबचे ४के व्हिडिओ फायरफॉक्समध्ये लावले तरी प्रोसेसर निवांत बसलेला असतो. एव्ही१ मध्ये एन्कोड (म्हणजे त्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ तयार) मात्र करत नाही, त्यासाठी आरएक्स ७६०० किंवा पुढचं घ्यावं लागेल, पण एच२६४ आणि एचईव्हीसी या फॉरमॅटमध्ये एन्कोड होतं आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये व्हीएएपीआय (एन्कोडचं काम कार्डाकडे देणारा पर्याय) निवडलं की रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं. फेडोरा ही डिस्ट्रो वापरणाऱ्यांनी इथे लक्ष द्या, फेडोराने पेटंटच्या भानगडीमुळे २०२२ मध्ये मेसातून एच२६४ आणि एचईव्हीसी काढून टाकले, तिथे आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-भांडारातून फ्रीवर्ल्ड नावाचं मेसाचं पॅकेज बदलून घ्यावं लागतं नाहीतर कार्ड असूनही सगळा व्हिडिओ प्रोसेसरवर. ते डेबियनवर करावं लागत नाही. एडिटिंगला मी केडेनलाइव्ह वापरतो. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच२६४ उघडतच नाही, कार्ड कुठलंही घ्या, त्यामुळे मोबाईलवर शूट करून एडिट करणाऱ्यांनी त्या भरवशावर महागडं कार्ड घेऊ नये.

गेमचं फार लिहीत नाही. १०८०पी ला हाय सेटिंगवर मजेत चालतात, १४४०पी ला थोडं खाली यावं लागतं, व्हॉल्व्हच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे बहुतेक गेम स्टीमवर बटण दाबलं की सुरू होतात. जे चालत नाहीत ते अँटी-चीटमुळे, म्हणजे गेममधली लबाडी रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, व्हॅलोरंट घ्या उदाहरणार्थ, आणि त्याला कुठलंच कार्ड उपाय नाही. मित्रमंडळी तेच खेळत असतील तर ते घेण्याआधीच समजून घ्या.

आता उणिवा, आणि त्या खऱ्या आहेत. पहिली एचडीएमआयची. कार्डावर एचडीएमआय २.१ चं पोर्ट आहे, पण एएमडीने २.१ चा पूर्ण सपोर्ट मोकळ्या ड्रायव्हरमध्ये घालायची परवानगी मागितली ती एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नाकारली, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झालं. परिणाम असा की माझ्या डेबियन १३ च्या ६.१२ कर्नलवर एचडीएमआयने पूर्ण रंगात ४के ६० हर्ट्झपर्यंतच जाता येतं. हार्डवेअर आहे, कोड लिहायला माणसं तयार आहेत, आणि कागदावरच्या एका नियमामुळे गिऱ्हाइकाने पैसे मोजलेली गोष्ट बंद, याचा मला मनापासून राग येतो. मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा, तिथे असलं काही नाही. हॉलमधल्या १२० हर्ट्झच्या टीव्हीला लावायचं असेल तर मात्र ही अडचण थेट तुमची आहे.

दुसरी, कंट्रोल पॅनेल नाही. विंडोजवरचं एएमडीचं ते मोठं सॉफ्टवेअर लिनक्सवर येत नाही. त्याच्या जागी एलएसीटी नावाचं छोटं प्रोग्रॅम टाका, मुक्त आहे, पंख्याची गती, पॉवरची मर्यादा, क्लॉक (चिपचा वेग) सगळं त्यात करता येतं. मी पॉवरची मर्यादा थोडी खाली आणून ठेवलीय, मे महिन्यात खोली आधीच तापलेली असते तेव्हा पंख्याच्या आवाजात फरक जाणवतो आणि गेममध्ये काही कळत नाही.

तिसरी आणि मोठी, एआयची कामं. एएमडीचं रॉकेएम, म्हणजे कार्डावर एआयची कामं चालवायचं सॉफ्टवेअर, ६६०० ला अधिकृत सपोर्ट देत नाही. एचएसए ओव्हरराइड जीएफएक्स व्हर्जन हा व्हेरिएबल १०.३.० करून ठेवला की मोठ्या कार्डाचा आव आणून पायटॉर्च हे एआयचं सॉफ्टवेअर चालतं, बरेच लोक असंच चालवतात, पण कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा पोटापाण्याचं काम असल्या जुगाडावर उभं करू नये. नुसतं छोटं भाषा मॉडेल घरी चालवून बघायचं असेल तर लामा डॉट सीपीपी हा प्रोग्रॅम व्हल्कनवरही चालतो, ८ जीबीत सात-आठ अब्ज पॅरामीटरचं क्वांटाइझ केलेलं (दाबून लहान केलेलं) मॉडेल मावतं, रॉकेएमची गरजच पडत नाही. ब्लेंडरमध्ये हिप हा एएमडीचा पर्याय निवडून रेंडर होतं, ठीकठाक, पण तिथे एनव्हिडियाचा ऑप्टिक्स हा पर्याय पुढे आहे हे मान्यच करायला पाहिजे.

मग एनव्हिडिया घ्यावं का? कूडावर, म्हणजे रॉकेएमसारख्याच एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरवर, ज्याचं काम अडतं त्याने सरळ एनव्हिडिया घ्यावं, मी त्याला एएमडीचा आग्रह कधीच करणार नाही. आणि परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२२ मध्ये त्यांनी कर्नलचा भाग उघडा केला, ट्यूरिंग या पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी, आणि २०२४ मध्ये ५५५ च्या ड्रायव्हरपासून एक्स्प्लिसिट सिंक ही सोय आल्यावर वेलँड या लिनक्सच्या नव्या डिस्प्ले पद्धतीवर खिडक्या लुकलुकायच्या ते बरंचसं थांबलं. तरी वरचा भाग, ज्यात खरं ओपनजीएल आणि व्हल्कन आहे, तो अजून बंदच आहे आणि कर्नलचा भागही कर्नलच्या झाडाबाहेरून येतो. डीकेएमएस नावाचं साधन दर नव्या कर्नलला मॉड्यूल (ड्रायव्हरचा तो भाग) परत बांधतं, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल तर त्यावर सही लागते, आणि साखळीतली एक कडी चुकली की सकाळी डेस्कटॉप गायब. ज्याला टर्मिनलची सवय आहे तो दहा मिनिटांत सोडवेल, पण आईवडिलांच्या मशीनवर किंवा शाळेच्या लॅबमध्ये कोण सोडवणार? शिवाय जुनी कार्डं. जीटीएक्स १०६०, १०५० टीआय ही मंडळी आपल्याकडे सेकंडहँडमध्ये ढिगाने मिळतात, त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, ५९० पासून पास्कल (म्हणजे हीच कार्डं) आणि त्याआधीची मॅक्सवेल पिढी बाहेर. ती शाखा आहे तोवर ठीक, पण आज नव्याने पैसे घालून लिनक्ससाठी पास्कल कार्ड घेऊ नये. मेसातला मोकळा एनव्हीके ड्रायव्हर झपाट्याने सुधारतोय आणि मला त्याच्याकडून मोठी आशा आहे, पण तो ट्यूरिंगपासूनच्या कार्डांवर खुलतो, पास्कलवाल्यांना त्याचा उपयोग नाही कारण तिथे क्लॉकच वर नेता येत नाही.

इंटेलचं आर्क बी५८० हा तिसरा पर्याय, डिसेंबर २०२४ चं, १२ जीबी मेमरी, ड्रायव्हर पूर्ण मोकळा आणि कर्नलमध्येच. मात्र रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ते लावू नका, वेग फार पडतो. व्हिडिओ एन्कोडिंगवाल्यांनी जरूर विचार करावा, एव्ही१ एन्कोड आहे आणि चांगलं आहे.

आणि एक गोष्ट जी दुकानात कुणीच सांगत नाही, कार्डाचं वय आणि डिस्ट्रोचं वय जुळलं पाहिजे. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो याचा दुसरा अर्थ असा की कर्नल कार्डापेक्षा जुना असेल तर ड्रायव्हरच नाही. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आणि मेसा २२.३, त्यावर २०२१ चं ६६०० मुकाट्याने चालतं, पण २०२५ मध्ये आलेलं आरएक्स ९०७० किंवा ९०६० एक्सटी तिथे बॅकपोर्ट्सशिवाय (जुन्या डेबियनसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांशिवाय) चालणारच नाही. मिंट २२ सुद्धा ६.८ कर्नलवर आला होता. नवंकोरं कार्ड घ्यायचं तर फेडोरा, आर्च असलं काहीतरी ताजं ठेवा किंवा नवा कर्नल टाकायची तयारी ठेवा, आणि डेबियन-मिंटवर शांतपणे राहायचं असेल तर कार्ड एक-दोन वर्षं मुरलेलं घ्या. आज कुणी मला नवं कार्ड विचारलं आणि बजेट थोडं मोठं असेल तर मी ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालंच सांगेन, फक्त सिस्टीम नवी पाहिजे या अटीवर. आणि ज्याला ब्राउझर, लिबरऑफिस, मराठी डीटीपी एवढंच करायचंय त्याने कार्डच घेऊ नये, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स भरपूर झालं, तेच पैसे रॅम आणि एसएसडीत घाला.

खरेदीचं सांगायचं तर मी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो होतो. तिथले लोक पहिला प्रश्न विचारतात, गेमिंग का एडिटिंग, आणि लिनक्स म्हटलं की जरा थांबतात, त्यात त्यांचा दोष नाही, रोजचं गिऱ्हाईक विंडोजचंच. म्हणून जाताना मॉडेल पक्कं ठरवून जा आणि पूर्ण नावाने मागा. ६६०० नाही म्हणून ६५०० एक्सटी पुढे करतील तर घेऊ नका, आकडा जवळचा वाटतो पण ते वेगळंच कार्ड आहे, बहुतेक ४ जीबी, पीसीआयई च्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या) चारच लेन, एन्कोडर नाही, एव्ही१ डीकोडसुद्धा नाही. ६४०० चंही तेच. ६६०० ला आठ लेन आहेत, त्यामुळे पीसीआयई ३ च्या जुन्या बोर्डवर थोडंच कमी होतं, ६५०० एक्सटीचा तिथे अगदी जीव जातो.

सेकंडहँड आरएक्स ५८० सुद्धा लिनक्सवर चांगलं चालतं, २०१७ चं असलं तरी ड्रायव्हर तोच एएमडीजीपीयू. पण व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ फॉरमॅट हार्डवेअरमध्ये डीकोड होत नाहीत, म्हणजे यूट्यूबचा भार प्रोसेसरवर, आणि मायनिंगमधून आलेल्या कार्डांचा बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा बदललेला असतो, त्याने लिनक्सवर हँग होण्याचे प्रकार होतात. २०४८एसपी असं लिहिलेलं ५८० मिळालं तर ते पूर्ण ५८० नाही, मूळ कार्डात २३०४ कोअर असतात, त्या हिशोबाने भाव करा. जमलं तर पेनड्राइव्हवर एखादी लाइव्ह डिस्ट्रो (इन्स्टॉल न करता चालणारी) घेऊनच जा आणि दुकानातल्याच मशीनवर बूट करून दाखवा म्हणा, डेस्कटॉप आला, रिझोल्यूशन बरोबर दिसलं, सगळ्या पोर्टांवर चित्र आलं की मगच पैसे द्या. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी मागून घ्या, बहुतेक कार्डांच्या खोक्यात ती नसते.